जुन्या गाडीतला ‘कॉम्प्युटर’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात कार्बोरेटरच्या सफाईविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे मात्र कार्बोरेटर नसलेल्या जुन्या गाड्यांविषयी आहेत. साधारण १९९८ ते २०१० या काळातल्या या गाड्या इग्निशनचे पॉइंट घासून चालू होण्याइतक्या जुन्या नाहीत आणि स्कॅनर लावताच आपले दुखणे सांगण्याइतक्या नव्याही नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये त्या सतत येतात आणि त्यांच्या मालकांची एकच भीती असते, ती म्हणजे ‘कॉम्प्युटर गेला’ हे वाक्य ऐकण्याची. म्हणून या वेळी त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी दोन मारुती ८०० आहेत. वडिलांची १९९६ची आहे, तिला चोक आहे. काकांची २००३ची आहे, तिला चोक नाही. मिस्त्री म्हणतात की तिला कॉम्प्युटर आहे. दोन्ही इंजिने ७९६ सीसीचीच आहेत. मग हा बदल नेमका काय आहे आणि तो कशामुळे झाला?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : वडिलांच्या गाडीत इंजिन हवा ओढते, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि जाताना जेटमधून पेट्रोल आपोआप खेचून घेते. किती पेट्रोल गेले हे तिथे कोणी मोजत नाही; जेटचे भोक जेवढे, तेवढे पेट्रोल. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, म्हणून चोक ओढण्याचे काम चालवणाऱ्याकडे असते.

काकांच्या गाडीत टाकीपासून विजेवर चालणारा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो आणि प्रत्येक सिलेंडरसाठी एक, असे तीन इंजेक्टर ते फवारतात. एमपीएफआय (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) म्हणतात ते हेच. इंजेक्टरचे तोंड किती वेळ उघडे ठेवायचे, हे ईसीएम (इंजिन कंट्रोल मॉड्यूल), म्हणजेच मिस्त्री म्हणतात तो ‘कॉम्प्युटर’, ठरवते. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना हा वेळ सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागाइतका असतो. ते ठरवण्यासाठी ईसीएम इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब, इंजिनाचा वेग, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान, थ्रॉटल किती उघडले आहे ते, आणि शेवटी सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन उरला आहे की नाही, एवढ्या गोष्टी विचारून घेते. एक भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण साधले, की पेट्रोल पूर्ण जळते आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नीट काम करतो. चोक ओढण्याचे तुमच्या वडिलांचे काम काकांच्या गाडीत कूलंटचा सेन्सर करतो.

ही कल्पना मारुतीपेक्षा बरीच जुनी आहे. बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली. तिच्या नावातला ‘डी’ हा ‘ड्रुक’ या जर्मन शब्दाचा, म्हणजे दाबाचा. मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा अंदाज बांधायचा, ही तिची रीत काकांच्या मारुतीतही तशीच आहे. १९७४ मध्ये आलेली एल-जेट्रॉनिक दाबाऐवजी प्रत्यक्ष येणारी हवा मोजू लागली, १९७६ मध्ये व्होल्वोने धुरातला ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर गाडीत बसवला आणि १९७९ मध्ये मोट्रॉनिक या प्रणालीने पेट्रोल आणि स्पार्क ही दोन्ही कामे एकाच पेटीकडे सोपवली. आज आपण ज्याला ‘कॉम्प्युटर’ म्हणतो, ती पेटी तेव्हापासूनची.

आपल्याकडे हे उशिरा आले, कारण आपले पेट्रोल शिसेयुक्त होते आणि शिसे ऑक्सिजन सेन्सर व कन्व्हर्टर या दोघांनाही निकामी करते. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याआधी एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात एप्रिल २००० पासून युरो-२ हे प्रदूषणाचे निकष पाळणाऱ्या खासगी मोटारींचीच नोंदणी करण्याचा आदेश दिला होता. सिएलो १९९५ पासून, आणि सँट्रो व मॅटिझ १९९८ पासून इंजेक्शनसह येतच होत्या. या आदेशानंतर मात्र मारुतीसह सर्वांनाच घाई करावी लागली. त्यामुळे १९९९-२००० च्या आसपास एकाच नावाच्या गाड्या कार्बोरेटरवाल्याही मिळतात आणि एमपीएफआयवाल्याही. या काळातल्या गाडीसाठी आरसी बुकातले वर्ष सांगून भाग मागवू नये. बॉनेट उघडून इंजिनावर काय बसले आहे ते पाहावे.

प्रश्न : माझ्याकडे २००४ची झेन आहे. सकाळी ती लगेच सुरू होते. पण गरम असताना बंद केली, तर पुन्हा सुरू व्हायला फार वेळ घेते. धूर काळा येतो, पेट्रोलचा वास येतो आणि ॲव्हरेज १६ वरून ११ वर आले आहे. इंजिन चेक लाइट कधी लागतो, कधी नाही. दोन ठिकाणी ईसीएम बदलण्याचा सल्ला मिळाला. बदलावे का?
— बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आत्ता बदलू नका. तुमची लक्षणे वाचून मला पहिला संशय येतो तो कूलंट तापमानाच्या सेन्सरवर. इंजिन गरम असूनही हा सेन्सर ‘थंड आहे’ असे सांगत असेल, तर ईसीएम जास्त पेट्रोल देत राहते. थंड सकाळी ते जास्तीचे पेट्रोल हवेच असते, म्हणून तेव्हा तक्रार नसते. गरम इंजिनाला मात्र ते सोसत नाही.

हा सेन्सर घरीसुद्धा तपासता येतो. इंजिन पूर्ण थंड असताना तो काढा, त्याच्या कपलरच्या (तारा जोडण्याच्या सॉकेटच्या) दोन पिनांना मल्टिमीटर लावा आणि त्याचे पितळी टोक भांड्यातल्या पाण्यात धरा. साध्या पाण्यात मीटरवर साधारण दोन ते तीन हजार ओहम दिसायला हवेत. आता भांडे गॅसवर ठेवा. पाणी तापेल तसा आकडा सलग, न अडखळता उतरत गेला पाहिजे आणि ८० अंशांच्या आसपास तो तीनशेच्या जवळपास यायला हवा. आकडा मध्येच अडला, उडी मारून परत वर गेला किंवा उतरलाच नाही, तर दोषी सापडला. बारीक आकडे मॉडेलनुसार वेगळे असतात, ते दुरुस्ती-पुस्तिकेत मिळतात. पण बिघडलेल्या सेन्सरची चाल पुस्तिकेशिवायही ओळखू येते.

तुमचा लाइट कधी लागतो आणि कधी नाही, त्यालाही अर्थ आहे. त्या काळातले ईसीएम सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर तक्रार नोंदवते, कारण तेव्हा येणारा आकडा अशक्य कोटीतला असतो. सेन्सर ९० अंशांऐवजी ४० अंश सांगत राहिला, तर तो आकडा शक्य कोटीतला असल्यामुळे ईसीएम त्यावर विश्वास ठेवते. पूर्ण मेलेला सेन्सर लवकर सापडतो आणि खोटे सांगणारा महिनोन्‌महिने लपतो, तो यामुळे. लाइट नाही म्हणजे दोष नाही, असे या गाड्यांत समजू नये.

सेन्सर चांगला निघाला, तर मॅनिफोल्डपासून दाबाच्या सेन्सरकडे जाणारी बारीक रबरी नळी पाहा. ती टोकाशी चिरली, तर सेन्सरला बाहेरच्या हवेचा दाब मिळतो, ईसीएमला वाटते की इंजिनावर भार आला आहे आणि ते पेट्रोल वाढवते. नळीचे टोक कापून पुन्हा बसवण्याइतके काम असते ते.

यानंतर पाहायचे ते अर्थिंग, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. त्याबद्दल मला जास्त लिहायचे आहे, कारण त्यात मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वी कागलहून एक गाडी आली. ती चालता चालता मिसिंग मारायची, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवायचे, आणि कधी एकदम बंद पडायची. सगळे सेन्सर तपासून झाल्यावर मी ईसीएम दोषी ठरवले आणि दुसऱ्या गाडीचे आणून बसवले. गाडी दोन दिवस उत्तम चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले. शेवटी दोष सापडला तो इंजिनापासून बॉडीकडे येणाऱ्या अर्थच्या पट्टीत. वरून ती चांगली दिसत होती, पण बोल्टखालचा भाग गंजून काळा पडला होता. मग दोन दिवस गाडी नीट का चालली? ईसीएम काढताना आणि बसवताना कपलर हलले, पिना आपोआप घासल्या गेल्या, तारा थोड्या सरकल्या. ईसीएम बदलल्यावर गाडी सुधारली, एवढ्यावरून जुने ईसीएम खराब होते असे सिद्ध होत नाही, हे मला त्या गाडीने शिकवले. त्या ग्राहकाचे पैसे मी परत केले, पण त्याचे तीन दिवस परत देता आले नाहीत.

अर्थ तपासायला पाच मिनिटे पुरतात. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. तो जास्त निघाला, तर आधी पट्टी काढून, दोन्ही बाजू कानशीने चकचकीत करून पुन्हा आवळा.

एवढे झाल्यावर कोडकडे, म्हणजे ईसीएमने आकड्यांत नोंदवलेल्या तक्रारींकडे वळा. त्या पिढीच्या मारुतीत तपासणीच्या कपलरमधल्या दोन पिना तारेने जोडल्या की इंजिन चेक लाइट लुकलुकून आकडे सांगतो. एकदा लुकलुकून थोडे थांबून दोनदा लुकलुकला, तर तो १२, म्हणजे काही तक्रार नोंदलेली नाही. कोणत्या दोन पिना जोडायच्या, हे मॉडेल पाहूनच ठरवावे; अंदाजाने जोडल्यास फ्यूज उडणे हे त्यातल्या त्यात कमी नुकसान असते.

प्रश्न : माझी गाडी ऑगस्ट २०१९ च्या पुरात पार्किंगमध्येच सीटपर्यंत बुडाली होती. धुऊन, वाळवून ती चालू झाली. पण आता दर पावसाळ्यात मिसिंग सुरू होते, मिस्त्री ईसीएमच्या पिना साफ करतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कायमचा उपाय आहे का?
— एक दुकानदार, शाहूपुरी

उत्तर : आहे, पण तो पिनांपाशी संपत नाही. पुराचे पाणी म्हणजे गाळ, क्षार आणि सांडपाणी. बॅटरी जोडलेली असताना ते कपलरमध्ये शिरले, की शेजारच्या दोन पिनांमधून वीज वाहू लागते आणि तांबे काही तासांत खाल्ले जाते. शिवाय हे पाणी तारेच्या आवरणाखालून, दिव्याची वात तेल ओढते तसे, आत चढत जाते. वरून पिना चकचकीत दिसतात आणि चार बोटे आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असते. पावसाळ्यात ही भुकटी ओल धरते, म्हणून तुमचा त्रास हंगामी आहे.

ज्या कपलरपर्यंत पाणी आले होते, तिथल्या प्रत्येक तारेचे आवरण थोडे सोलून पाहा. तांबे लालसर आणि लवचीक असेल तर ठीक. काळे, हिरवे किंवा बोटाने मोडणारे असेल, तर जिथे स्वच्छ तांबे लागेल तिथपर्यंत कापून नवी तार झाळून जोडावी. काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दिवसभर लागतो. तरी बुडालेल्या गाडीसाठी याहून उपयोगी काम मला माहीत नाही.

ईसीएमसुद्धा एकदा उघडून घ्या. चार स्क्रू काढून झाकण उचलले, की पाणी कुठवर आले होते त्याची पिवळट रेघ अनेकदा सर्किटवर दिसते. भिंगाखाली पाहिले तर पिनांच्या मुळाशी पांढरा किंवा हिरवा थर असतो. तो मऊ ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. छोटी, नळकांड्यासारखी कपॅसिटर वरून फुगली आहेत का, त्यांच्या तळाशी ओले, तपकिरी काही झिरपले आहे का, आणि त्याला मासळीसारखा वास येतो का, हे पाहावे. पूर आला नसता तरी इतक्या वर्षांनी ही कपॅसिटर झिरपू लागतात आणि खालचे तांब्याचे पट्टे खातात. ती बदलता येतात आणि नव्या ईसीएमच्या मानाने तो खर्च अगदी थोडा असतो. पेटीत आतून रबरासारखा मसाला ओतलेला असेल, तर मात्र उघडण्याचा हट्ट करू नये.

शाहूपुरीत राहत असाल, तर आणखी एक सवय लावून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोहोचल्याची बातमी आली, की गाडी उंचावर हलवा. हलवणे शक्यच नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नका. छोट्या गाड्यांत ईसीएम बहुधा डॅशबोर्डखाली असते. ते दोन बोल्ट आणि कपलर काढून घरात नेता आले, तर फारच चांगले. आणि गाडी बुडालीच, तर ‘बघू तरी चालू होते का’ म्हणून चावी फिरवू नका. पुरातून वाचलेली कितीतरी ईसीएम त्या एका चावीने गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचे इथेनॉल होते, याचा आनंदच आहे. पण २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल माझ्या २००१च्या सँट्रोला आणि भावाच्या १९९४च्या ओम्नीला चालेल का?
— एक शेतकरी, शिरोळ

उत्तर : तुमच्या सँट्रोचे आणि भावाच्या ओम्नीचे उत्तर वेगळे आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. शुद्ध पेट्रोलाचे १४.७ चे प्रमाण २० टक्के मिश्रणात साधारण साडेतेरावर येते. सँट्रोचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीएम इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडे ठेवते. ही दुरुस्ती ठरावीक मर्यादेपर्यंतच होते आणि इंजिन थंड असताना किंवा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना होत नाही, कारण तेव्हा ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही. म्हणून सकाळी पहिल्या मिनिटात गाडी थोडी अडखळेल. सेन्सर मूळचाच, वीस वर्षांचा असेल, तर तो आधी बदला. म्हातारा सेन्सर इतका सावकाश बोलतो की त्याचे ऐकून उपयोग होत नाही.

भावाच्या ओम्नीत जेटचे भोक ठरलेले आहे. तिथे मिश्रण पातळ होणारच. गाडी ओढताना दम टाकेल आणि जास्त तापेल. चांगल्या कार्बोरेटरवाल्याकडून जेट आणि आयडलिंग नव्याने बसवून घ्यावे.

दोन्ही गाड्यांत रबराची काळजी सारखीच घ्यायची आहे. जुन्या नळ्या आणि वॉशर इथेनॉलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. सँट्रोत पेट्रोल दाबाखाली असल्यामुळे चिरलेली नळी आगीला आमंत्रण देते, म्हणून टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. त्यानंतर महिन्याभरात फिल्टर बदला, कारण टाकीच्या तळाशी साचलेली घाण इथेनॉल सोडवून पुढे पाठवते. ॲव्हरेज थोडे घटेल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलाच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट समजून चालावे. त्याहून जास्त घट आली, तर कारण दुसरे आहे.

इथेनॉल पाणी ओढून घेते. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि पंपाचे तोंड तिथेच असते. बाजारात मिळणाऱ्या ‘इथेनॉल-संरक्षक’ बाटल्यांवर मी पैसे घालणार नाही. तेवढ्यात नळ्या येतात.

प्रश्न : माझ्या २००६च्या गाडीचे ईसीएम खरोखरच जळाले आहे, दोन ठिकाणी खात्री करून घेतली. भंगार बाजारातले चालेल का? विकणारा म्हणतो की हे ‘३२ बिट’चे आहे, कोणत्याही गाडीला चालते. शिवाय स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घ्यावा का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ‘बिट’वर जाऊ नका. १६ किंवा ३२ बिट हे आतल्या प्रोसेसरचे वर्णन आहे. त्यावरून ते ईसीएम तुमच्या इंजिनासाठी आहे की नाही, हे कळत नाही. कपलर बसतो एवढ्याने ते चालते असेही नाही, कारण एकाच आकाराच्या पेटीत वेगवेगळ्या इंजिनांचे हिशोब भरलेले असतात. लेबलावरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. तुमच्या चावीत इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) चिप असेल, तर नंबर जुळूनही गाडी सुरू होणार नाही. तेव्हा विकणाऱ्याकडून ईसीएमबरोबर त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझरची पेटीही घ्या, नाहीतर नव्याने जुळणी करून देणारा तंत्रज्ञ आधी गाठा. आणि मूळचे ईसीएम कशामुळे जळाले ते शोधल्याशिवाय दुसरे जोडू नका. आयडलिंगचा व्हॉल्व्ह किंवा इग्निशन कॉइल आतून शॉर्ट असेल, तर ते दुसरेही जाईल.

स्कॅनर तुमच्या गाडीशी बहुधा बोलणार नाही. बीएस-४ प्रदूषण निकषांच्या मोटारींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही दोष सांगणारी प्रमाणित यंत्रणा सक्तीची झाली, त्यानंतरच्या गाड्यांशी हे स्वस्त स्कॅनर सहज बोलतात. त्याआधीच्या गाड्यांत १६ पिनांचे सॉकेट दिसले, तरी आतली भाषा त्या त्या कंपनीची असू शकते. त्या पैशात चांगला मल्टिमीटर घ्या.

भंगारातले ईसीएम फोनवर फोटो पाहून ठरवणार असाल, तर तुमच्या जुन्या ईसीएमचा नंबर आधी कागदावर उतरवून घ्या आणि विकणाऱ्याला लेबलावरची धूळ पुसून फोटो पाठवायला सांगा. नंबरातली शेवटची दोन अक्षरे धुळीखाली झाकलेली असतात आणि नेमका फरक तिथेच असतो.